गाडीखालचा पेपर

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तर पुरी होऊन बहात्तरावं लागलेलं. त्या साली शिमग्यानंतर आमच्या गावात एक माणूस राहायला आला. तो रोज पेपर विकत घ्यायचा आणि त्यातलं एक अक्षरही न वाचता तो दुसऱ्याच्या गाडीखाली अंथरायचा.

सकाळी तो पेपर हलक्या हातानं ओढून काढायचा, उजेडाकडं धरायचा आणि त्यावर पडलेले डाग वाचायचा. "हे काळं हाय ना, इंजिनाचं ऑइल. हे तांबूस, गिअरचं. आणि हे हिरवट, कडेला सुकून पांढरं झालेलं, हे कूलंट. म्हणजे पुढनं गळतंय, डाव्या अंगाला." मग पेपर दोरीवर टाकून वर चिमटा लावायचा. त्याच्या शेडमध्ये असे वीस-पंचवीस पेपर लोंबत असत. मोठ्या डॉक्टरकडं हाडांचे फोटो लावतात तसे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात गाडीवाल्याचं नाव, तेही उर्दूत, उजवीकडून डावीकडं लिहिलेलं. आता हे नाव कुणाला वाचता येणार? पण लोक आपापल्या पेपरापुढं उभे राहून माना डोलवायचे.

त्याचं नाव कासमभाई. मी मात्र पहिले सहा महिने त्याला 'तो पेपरवाला' एवढंच म्हणत होतो.

त्याच्यावर राग का ते सांगतो. लपवायचं काही कारण नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, आणि चौथीच्या परीक्षेला बसलो नाही कारण त्या दिवशी मला ट्रकवर क्लीनरचं काम मिळालं. त्यानंतर सगळं आयुष्य गाडीत गेलं. आधी दुसऱ्याचा ट्रक, मग स्वतःची पिकअप. नागावपासून अलिबागपर्यंत कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की चाळीस वर्षं एकच वाक्य होतं, "गजादादाला बोलवा." माझ्या दारात रविवारी तीन-तीन टेम्पो उभे असायचे. बाहेर ओट्यावर माणसं बसायची, घरची आतून चहा पाठवायची आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून नुसता "हं" म्हणायचो. त्या 'हं'ला वजन होतं.

माझी औषधं सगळ्यांना पाठ. डिझेलच्या टाकीला चीर गेली तर अंगाचा साबण दाबून बसवायचा. रेडिएटर गळला तर दोन चमचे हळद. हसू नका. हळद गरम पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. जुन्या ड्रायव्हरला विचारा. आजच्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो आधी मोबाइलमध्ये बघतो.

आणि पाणी. गाडीत पाणी घालायचं ते माझ्या बावीचं. ही बाव माझ्या आजोबांनी खणली, नारळीच्या वाडीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि तरी पाणी गोड. लोक लांबून प्यायला यायचे. ग्रामपंचायतीचा नळ आल्यापासून आमची घरची स्वयंपाकाला, चहाला नळाचंच पाणी घेते. मी काही बोलत नाही. बायकांना नवीन वस्तूचं कौतुक असतं. पण माझ्या पिकअपला पंचवीस वर्षांत बावीशिवाय दुसरं पाणी माहीत नाही. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी घालतात ते बाटलीतलं हिरवं कूलंट मी कधी घेतलं नाही. सरबतासारखं दिसतं.

तर असं सगळं चाललेलं असताना हा मस्कतहून आला. तिकडं तीस वर्षं कुठल्या तरी मोठ्या वर्कशॉपमध्ये होता म्हणे. इथं त्याच्या मामाची बंद पडलेली जागा होती, तिथं पत्र्याची शेड ठोकली. आणि काम करायला बसला तो पांढरा शर्ट घालून! मेकॅनिक का नवरदेव? मी सहा महिने लक्ष ठेवलं. त्या शर्टावर एक डाग पडला नाही. माझ्या लग्नातल्या शर्टावरसुद्धा ग्रीस होतं.

त्याचं आणखी एक खूळ म्हणजे तो गाडीला पहिल्या दिवशी हात लावत नसे. गाडी आणली की हात जोडून म्हणायचा, "आज नाय. पाहुण्याला पहिल्या दिवशी काय विचारायचं नसतं. राहू दे एक रात्र. उद्या सकाळी या, चहा घेऊ, मग बघू." आणि माणसं चक्क गाडी ठेवून पायी घरी जायची! माझ्याकडं गाडी अर्धा तास जास्त राहिली तरी हीच माणसं घड्याळं बघायची.

पेपरही कसलाही चालायचा नाही. त्यातलं आकड्यांचं पान शोधून काढायचा, बाजारभावाचं. एकदा दुकानावर मी बाजूला उभा असताना दुकानदारानं त्याला विचारलं, "कासमभाई, हेच पान का?" तर म्हणतो, "यात फोटो नसतात. कुणाच्या तोंडावर घाण पाणी पडायला नको. कुणी का असेना." दुकानदारानं ही गोष्ट गावभर सांगितली. घरी आलो तर घरचीलाही कळलेलं. डोळ्याला पदर लावून म्हणते, "किती मन बघा त्या माणसाचं."

"माझं मन न्हाय काय?"

"तुमचं हाय की. पण तुम्ही परवा पाहुण्यांच्या लग्नाच्या पत्रिकेनं डिपस्टिक पुसलीत."

हळूहळू माझ्या दारातले टेम्पो कमी झाले. आधी होमस्टेवाले गेले, मग बर्फवाला, मग माझा सख्खा मेव्हणा. मी ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या ओळखायचो. आवाजावरनं कळायचं, ह्याचा पट्टा सैल, त्याचा सायलेन्सर फुटलाय. सगळ्या माझ्या दारावरनं पुढं जायच्या आणि शेडपाशी थांबायच्या. आमचा कुत्रासुद्धा दुपारचा तिकडं जाऊन झोपायला लागला. तिथं पंखा होता.

मग दसऱ्याच्या सुमाराला माझ्याच पिकअपनं मला दगा दिला.

पाणी कमी व्हायला लागलं. अलिबागला जाऊन यायचं तर एक बाटली पाणी गायब. बरं, खाली थेंब नाही. मी होजपाइप बघितले, क्लिपा आवळल्या, रेडिएटरचं झाकण बदललं, वॉटर पंपाखाली हात फिरवला. सगळं कोरडं. मग हळद घातली. दोन चमच्यांनी भागेना, चार घातली. तरी पाणी कमीच. शेवटी कार्ले खिंडीत नारळ भरलेले असताना काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. मला ओढून कुणी आणलं? बर्फवाल्याच्या टेम्पोनं. पुऱ्या रस्त्याला नुसत्या हाका. "गजादादा, काय झालं? हळद संपली काय?"

संध्याकाळी पनवेलहून मुलाचा, संतोषचा फोन. त्याला खबर लागलेलीच होती. "बाबा, हेड गॅस्केट गेलं असणार. इंजिन खोलायला लागेल. जुन्या गाडीत कशाला जीव घालता? दिवाळीला मी येतोय. तोपर्यंत झालं तर झालं, नायतर भंगारवाल्याशी बोलतो."

भंगार! तो सहज बोलला. गाडी गेली की माझं काय राहणार ते त्याला काय ठाऊक? ज्याची गाडी असते त्याला विचारतात, "कुठं निघालात?" ज्याची नसते त्याला विचारतात, "जेवलात काय?" मला एवढ्यात 'जेवलात काय' व्हायचं नव्हतं.

घरचीनं तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "जाता काय कासमभाईकडं, का मी जाऊ सांगायला?"

मी गेलो. पण सांगून ठेवतो, मदत मागायला गेलो नाही. दुपारी गाडी त्याच्या शेडमध्ये घातली, खाली उतरलो आणि म्हणालो, "हे बघ, गळती कुठं हाय ते मला ठाऊक हाय. तुझी परीक्षा घ्यायला आलोय."

दुसरा कुणी असता तर हसला असता. ह्यानं खुर्ची पुसली. म्हणाला, "बरं केलंत दादा. आमची परीक्षा घेणारं कुणी राह्यलंच नाय. मस्कतला एक फोरमन होता, तो गेला." मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले. "पण आज नाय."

"व्हय व्हय, पाहुण्याला विचारायचं नसतं," मी म्हणालो. "ठाऊक हाय तुझं."

बाजारभावाचं पान गाडीखाली गेलं. मी चावी ठेवली आणि निघालो.

पण घरी गेलो नाही. इतके दिवस मनात एकच होतं, की हा रात्रीतून काहीतरी करतो. नुसत्या पेपरावरनं कुणाला कळत नसतं. मला ती युक्ती बघायची होती. शेडच्या मागं पोफळीची वाडी आहे. तिथं झावळ्यांचा ढीग होता, त्याच्यामागं जाऊन बसलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतायत, मुंग्या धोतरात शिरतायत, आणि आमचा कुत्रा आनंदानं शेपूट हलवत माझ्याकडं येतोय. त्याला दगड दाखवून परत पाठवला.

कासमभाईनं नमाज पढली. मग शेडचं पुढचं दार लोटलं, मागचं मात्र उघडंच. इंजिन गार झालेलं. त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं आणि दुसरंच एक झाकण बसवलं. त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व डकवलेला. त्याला सायकलचा पंप लावला आणि मोजून दहा-बारा दट्टे मारले. मी तिथंच कपाळावर हात मारला. गाडी तापली की आत दाब येतो आणि मगच ती गळते, हे मलाही ठाऊक. पण गार गाडीला सायकलच्या पंपानं खोटा दाब द्यायचा, हे माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत आलं नाही!

मग दाढीचा छोटा आरसा तारेला बांधलेला, तो घेऊन आणि बॅटरीचा उजेड पाडत आत वाकला. पाच मिनिटं. पाचच. मग त्यानं बोट आत घातलं, बाहेर काढलं, नाकाशी नेलं. "या अल्ला," म्हणाला, "हळद!" आणि एकटाच खदखदून हसला.

मी उठणारच होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कान थोडे जड असल्यानं तो फोन स्पीकरवरच घ्यायचा. मस्कतहून त्याची मुलगी बोलत होती.

"अब्बा, जेवलात काय?"

"जेवतो. आज मोठी गाडी आली हाय बेटा. गजादादांची. तुला बोललो नव्हतो काय, इथले सगळ्यात जुने ड्रायव्हर?"

"सापडला फॉल्ट?"

"कधीचाच. मागच्या बाजूला डमी सडली हाय. खाऱ्या पाण्यानं." डमी म्हणजे इंजिनाच्या अंगाला पत्र्याची टोपी असते, नाण्यापेक्षा थोडी मोठी. माझ्या गाडीत ती सायलेन्सरच्या गरम पाइपाआड आहे. पाणी गळलं की पाइपावरच पडून वाफ होतं, खाली थेंब येणार कुठनं?

"मग करून द्या की आजच. लोकांच्या गाड्या उगाच रात्रभर अडकवून ठेवता."

त्यानं आरसा खिळ्याला अडकवला. मग म्हणाला, "गाडी राह्यली की सकाळी माणूस येतो, बेटा. चहा घेतो. घटकाभर बसतो. लगेच करून दिली तर हॉर्न मारून निघून जातो."

"म्हणून तर म्हणते इकडं या. एकटे राहू नका."

"एकटा कुठं हाय मी? रोज सकाळी कुणी ना कुणी असतं. उद्या तर दादा येणार."

"सांगणार त्यांना, खारं पाणी घातलं म्हणून?"

"तौबा. त्यांना काय सांगायचं? उद्या आरसा त्यांच्याच हातात देतो. त्यांचं त्यांना सापडू दे. सहा महिने झाले, ते एकदाही शेडकडं आले नव्हते. आज आले."

फोन ठेवून त्यानं पंप पुसला, पेपर सरळ केला. मग उद्यासाठी दोन कप धुतले, फडक्यानं पुसले आणि शेल्फावर पालथे मांडले. एकाचा कान उजवीकडं होता, तो फिरवून दुसऱ्याच्या बाजूला केला.

मी झावळ्यांमागून निघालो तो सरळ नाक्यावर चहाच्या टपरीवर. आता सगळं माझ्या हातात होतं. पेपर म्हणजे नाटक. पाच मिनिटांचं काम आणि हा लोकांना एक दिवस पायी चालवतो. एवढं एक वाक्य टपरीवर टाकलं असतं की अंधार पडायच्या आत गावभर झालं असतं, आणि येत्या रविवारी माझ्या दारात टेम्पो. टपरीवर बर्फवाला होता, मेव्हणा होता. "काय गजादादा, गाडी शेवटी पेपरावर झोपवली ना?" मेव्हण्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "एक बिडीबंडल दे."

सकाळी गेलो. चहा तयार होता, वेलची नको इतकी घातलेली. चहा झाल्यावर त्यानं पेपर ओढला, उजेडाकडं धरला. कोरडा ठणठणीत. "काय कळत नाय दादा," म्हणाला. माणूस नाटकात पाहिजे होता. "माझी नजरही आता गेली. तुम्हीच बघता काय?" आणि आरसा माझ्या हातात दिला. पंप मात्र आधीच मारून ठेवलेला होता.

मी आत वाकलो. आरसा इकडं तिकडं फिरवला, उगाच, त्याच्यासारखंच. आणि सायलेन्सरच्या पाइपामागं ती डमी दिसली, गंजून चाळण झालेली, आणि तिच्याखाली हळदीचा पिवळाधमक ओघळ. लग्नघरातल्या हातासारखा.

"सापडली!" मी ओरडलो. ठाऊक असूनही ओरडलो. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला.

"वाह दादा!" तो म्हणाला. "हळदीनं पत्ता दाखवला. नायतर मला जन्मात सापडली नसती." एवढ्यात बर्फवाला बर्फ घेऊन रस्त्यानं निघालेला. त्याला थांबवून सांगितलं, "गजादादांनी शोधली बघ. मी नुसता उभा होतो."

बर्फवाल्यानं माझ्याकडं बघितलं ते जुन्या नजरेनं. मी "हं" म्हणालो.

पण आत काहीतरी जळत होतं. पंप त्याचा, आरसा त्याचा, युक्ती त्याची, आणि वर एवढं मोठं मनही त्याच्याकडंच! निदान एवढं तरी देवानं मला द्यायचं. कुणाच्या नकळत कुणाला असं काही द्यायला मला एकदाही सुचलं नव्हतं.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून डमी बदलली. पाइप सोडवायला मी, ठोकायला तो. रेडिएटरमधली हळद बाहेर काढायला चार बादल्या पाणी लागलं. तो एकदाही हसला नाही. शेवटी कूलंटची बाटली हातात घेऊन थोडा घुटमळला. म्हणाला, "दादा, तुमच्या बावीचं पाणी माणसासाठी ठेवा. चांगली वस्तू हाय. गाडीला हे असंच काहीतरी पाजू. ती बिचारी परकी."

"घाल," मी म्हणालो. "पण बावीचं पाणी गोड हाय."

"गोडच हाय," तो म्हणाला.

त्याच दिवशी पिकअप कार्ले खिंड चढून आली. काटा मधल्या रेघेवरनं हलला नाही. संतोषला फोन केला आणि सांगितलं, भंगारवाल्याला तुझी मोटरसायकल दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, बावीवर गेलो, एक कळशी पाणी शेंदलं. गाडीत ठेवली आणि निघालो. घरची म्हणाली, "आता कुठं? गाडी तर चांगली झाली."

"थोडी गळतेय," मी म्हणालो.

कासमभाई शेड झाडत होता. दारात दुसरी एकही गाडी नव्हती. मला बघून झाडू तसाच हातात राहिला. "काय झालं दादा? परत?"

"तुला ठाऊक. पण आज नको विचारूस. पाहुण्याला पहिल्या दिवशी विचारतात काय?" असं म्हणून मी खिशातून पेपर काढला. बाजारभावाचं पान मीच शोधून आणलेलं. ते गाडीखाली अंथरलं आणि कळशी त्याच्यापुढं ठेवली. "आणि चहा ह्याचा कर. तुला कळू दे गोड पाणी काय असतं."

त्यानं केला. दोन्ही कप भरले. मी एक घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. किती वर्षांत मी बावीचं पाणी प्यालो नव्हतो, देव जाणे. समुद्र, नुसता समुद्र.

कासमभाईनं माझ्याकडं बघितलं नाही. शांतपणे, एकेक घोट घेत, त्यानं सगळा कप संपवला. मग कळशीकडं हात केला आणि म्हणाला, "दादा, अजून अर्धा होईल काय?"